शेजारची सीट

गाडीची तपासणी जवळ आली की पंपवाल्यांच्या अंगात यायचं. एरवी माणूस अगदी गरीब. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात उभी हयात गेली, निवृत्त होऊनही काळ लोटला, पण गल्लीने लावलेलं नाव काही सुटलं नाही. ते पंपवालेच राहिले. तर तपासणीची तारीख जवळ आली की चहा झाला न झाला की हे बादली-फडकं घेऊन खाली. टायरातली हवा, वायपरची रबरं, मागचे दिवे, सगळं झालं की बॉनेट उघडून इंजिन चालू करायचं आणि डोळे मिटून ऐकत उभं राहायचं.

"ऐकतेस ना? कशी बोलतेय बघ!"

"ऐकतेय हो," वरून बायको म्हणायची. "माझ्याशी कधी इतक्या प्रेमाने ऐकून घेतलं नाहीत. या आता, नाश्ता गार झाला."

या बायकोला सगळे बाई म्हणत. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी शिवणाचा वर्ग चालवला होता, आणि निम्म्या गल्लीचे कपडे त्यांच्या नाहीतर त्यांच्या शिष्यांच्या मशीनवरून उतरलेले होते. बाईंचं तोंड सुईसारखंच चालायचं, पण यंदा तपासणीचा विषय निघाला की त्या गप्प व्हायच्या. गाडी पास होणार, त्याबद्दल शंकाच नव्हती. नवऱ्याने ती पोटच्या पोरासारखी जपली होती. बाईंना धास्ती होती ती गाडी चालवणाऱ्याची.

पंपवाल्यांना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसायचं, पण नजर जिथे रोखावी, नेमकं तिथलंच कुणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखं व्हायचं. बाईंच्या हे लक्षात आलं ते एका सिग्नलवर. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या आणि हे ढिम्म. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "झाला का गं हिरवा?"

"झाला," बाई म्हणाल्या.

बस, तिथून सुरुवात झाली. त्या दिवसापासून बाई शेजारच्या सीटवर बसून बोलत राहिल्या. "लाल." "हिरवा." "डावीकडून सायकल." "आजी उतरतायत, थांबा." लाल म्हटलं की पंपवाल्यांचा पाय ब्रेकवर गेलाच म्हणून समजा, मग समोर सिग्नल असो, म्हैस असो की बंद फाटक. दोघांच्या भाषेत लाल म्हणजे थांबा. याबद्दल घरात एक अक्षर निघालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे "पुढच्या महिन्यात जाऊ" असं ठरत राहिलं आणि पुढचा महिना कायम पुढेच राहिला.

हे चुकीचं होतं का? होतंच. साफ चुकीचं होतं, आणि बाईंना ते कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्या अकलेचा अपमान आहे. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात हे त्या जाणून होत्या. रविवारी घरी परतल्यावर त्या मुद्दाम काहीतरी उसवायला घेऊन बसायच्या. पण रविवार सोडता येत नव्हता, कारण रविवारी सोन्या वाट बघायचा.

सोन्या त्यांचा एकुलता एक मुलगा. वयाने चांगला बाप्या, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली, पण मन लहानग्याचं. टेकडीवर अशा मोठ्या झालेल्या मुलांचं एक वसतिगृह होतं, तिथे तो राहायचा. तिथे तो कुंड्यांना पाणी घालायचा, चादरींच्या घड्या घालायचा, खूश असायचा. मात्र दर रविवारी आईबाबांची गाडी आली पाहिजे, तळ्यापर्यंत चक्कर झाली पाहिजे, मगच त्याचा आठवडा सुरू व्हायचा. दुसऱ्या कुठल्याही गाडीत तो पाय ठेवत नसे. लहानपणी त्याला आजारपणात एका अनोळखी गाडीत घालून नेलं होतं, तेव्हापासूनची ती दहशत. एकदा गाडी गॅरेजात होती म्हणून हे दोघं भाड्याच्या गाडीने गेले, तर पठ्ठ्या फाटकाला मिठी मारून उभा राहिला. चक्कर नाही की काही नाही. ते निघून आल्यावरही अंधार पडेपर्यंत तो फाटक सोडेना आणि मग कितीतरी दिवस नीट जेवला नाही. तेव्हा ही गाडी गेली तर सोन्याचा रविवार गेला, आणि सोन्याचा रविवार गेला तर मागे काय उरतं, हे बाईंना मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

तपासणी केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड. अलीकडच्या दारातून गाडी आत, पलीकडच्या दारातून बाहेर. दरवेळी इथला माणूस किल्ली घेऊन गाडी स्वतः आत न्यायचा आणि हे दोघं काचेच्या खोलीत बसायचे. यंदा बघतात तर पद्धतच बदललेली. आता गाडी मालकाने आत घ्यायची, समोरच्या भिंतीवर बोर्ड लावलेला, त्यावर हिरवा लागला की पुढे, लाल लागला की थांबायचं.

निळ्या डगल्यातला तपासनीस खिडकीशी आला. चाळिशीचा, हसतमुख. "काकू, तुम्ही तिकडे काचेच्या खोलीत बसा. आत एकटा ड्रायव्हरच."

"ती माझ्याबरोबरच असते," पंपवाले म्हणाले.

"घरी असू देत हो काका. इथे नाही चालत."

 बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते स्टिअरिंग धरून ताठ बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. "जा गं तू," ते म्हणाले. "काय तपासणी मला नवीन आहे?"

काचेच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण बाई बसल्या नाहीत. दार अर्धवट उघडं ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. तपासनीस खिडकीशी उभा राहून सांगायचा, "काका, रेस द्या. बास. वायपर. हॉर्न. उजवा इंडिकेटर." आणि पंपवाले पटापटा करायचे. ऐकून करायच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. धूर तपासला, स्वच्छ. रोलरवर ब्रेक तपासले, तपासनीसाने अंगठा वर केला. बाईंना वाटलं, सुटलो बाई, आता एकच राहिलं.

ते एक म्हणजे पुढचे दिवे. ते तपासायचं यंत्र जमिनीतल्या रुळावर होतं आणि ते ओढून गाडीसमोर आणायचं होतं. तपासनीस पुढे गेला, गाडीकडे पाठ करून वाकला. बोर्डावर लाल होता. पण शेजारच्या रांगेच्या बोर्डावर तेव्हाच हिरवा लागला, आणि पंपवाल्यांना दिसायचं ते फक्त कडेचं. डोळ्याच्या कोपऱ्यात हिरवं चमकलं तसं त्यांनी क्लच सोडला.

गाडी हलली.

"लाल!"

बाई कधी बाहेर आल्या, दारापुढची पिवळी रेघ कधी ओलांडली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. थांबा म्हणायचं, बाजूला व्हा म्हणायचं, अहो म्हणायचं, यातलं काहीच तोंडात आलं नाही. सवयीचा तो एकच शब्द आला आणि तोही असा की शेडचा पत्रा घुमला. तिथल्या माणसांना काही कळेना, की ही बाई लाल काय ओरडतेय. ज्याला कळायचं त्याला कळलं. गाडी जागच्या जागी थांबली.

तपासनीस वळला. बंपर त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने बंपरकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, मग गाडीतल्या माणसाकडे. पंपवाल्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. "लाल होता का? माफ करा हं, जरा घाईच झाली," ते म्हणाले, तपासनीसापासून बरंच उजवीकडे, भिंतीला टांगलेल्या डगल्याकडे बघत.

 राहिलेलं सगळं तपासनीसाने खिडकीच्या काठावर हात ठेवून, गाडीबरोबर चालत, तोंडाने सांगत करून घेतलं. बोर्डाकडे बघा असं एकदाही म्हणाला नाही.

काम आटोपल्यावर पंपवाल्यांनी गाडी पलीकडच्या आवारात उभी केली आणि लगेच बॉनेट उघडून उभे राहिले. तपासनीस बाईंपाशी आला. त्याच्या हातात काचेवर लावायचं पासचं स्टिकर होतं.

"काकू, गाडीत बोट ठेवायला जागा नाही. इतकी जपलेली गाडी बघायला मिळत नाही."

"त्यांचा जीव आहे तिच्यावर."

"माझाही जीवच होता मघाशी तिच्यासमोर."

बाईंनी पदराने तोंड पुसलं.   त्याने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण तो हळूच बोलत होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"बरेच." आणि मग त्यांचा बांध फुटला. सोन्या, टेकडी, फाटक, दुसऱ्या गाडीत न बसणं, सगळं त्या परक्या माणसासमोर भडाभडा सांगून मोकळ्या झाल्या. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने डोळ्यांना बाही लावली, मग घाम पुसल्यासारखं केलं.

"गाडीला मी नापास करू शकत नाही," तो म्हणाला. "तिचा काही दोष नाही. पण काकांना मी इथून गाडी बाहेर नेऊ देणार नाही. आज मी वाचलो. उद्या माझा पोरगा शाळेतून येताना रस्ता ओलांडत असेल. तुम्हाला येते चालवता?"

"यायची. कितीतरी वर्षं झाली."

"लायसन्स?"

"आहे की. मुदत संपायच्या आत हेच नवं करून आणतात. कागद जुना झालेला त्यांना खपत नाही."

तपासनीस हसला. स्टिकर त्याने बाईंच्या हातात दिलं. "एरवी मीच लावतो. आज तुम्ही लावा. काकांशी बोला, ठरवा आणि मग लावा. मी फाटकापाशी आहे."

पंपवाल्यांनी बॉनेट लावलं आणि हात पुढे केला. चेहऱ्यावर नुसता आनंद. "पास ना? सांगत होतो! एक शेरा नाही! आण ते, लावतो."

"थांबा जरा."

"आणि काय गं, केवढ्यांदा ओरडलीस! सगळे बघत होते. एक दिवा चुकला तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"मी दिव्यासाठी नाही ओरडले."

"मग?"

"समोर माणूस होता."

"कुठला माणूस?"

बाईंना आता कुठे कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की यांना सगळं ठाऊक आहे, आपण दोघं मिळून लपवतोय. यांनाच किती कमी दिसतं हे यांना माहीत नव्हतं.

"तोच, तुमच्याशी बोलत होता तो. पाठमोरा वाकला होता. तुमच्या बंपरपासून वीतभर."

"काहीतरीच. मोकळं होतं समोर." त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. नेमकं बघायचं म्हणून मान जरा तिरकी केली, हल्ली ते तशीच करायचे. "होता?"

"होता हो."

पंपवाले आवाराच्या कठड्यावर बसले. हातातली किल्ली त्यांनी बोटांनी चाचपली, कडी, कडीतला जुना पितळी बिल्ला, सगळं. त्यांचे ओठ हलत होते. बाई शेजारी बसल्या. आता हे चिडतील, ओरडतील, याची त्यांनी तयारी ठेवली होती.

"मी मारला असता गं त्याला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सोन्याला काय सांगायचं?"

"सोन्याला न्यायचंच आहे."

 पंपवाल्यांनी किल्ली बाईंच्या तळहातावर ठेवली आणि वरून स्वतःच्या हाताने त्यांची मूठ मिटली. "क्लच जरा वर सुटतो," म्हणाले. "लक्षात ठेव."

आता बाईंनी गाडी का सोडली होती ते सांगायला हवं. लग्न नवं असताना त्या चालवायच्या, चांगल्या चालवायच्या. पण हा पंपघरातला माणूस शेजारी बसला की इंजिन जरा कण्हलं तरी गिअर बदलायला सांगत सुटायचा, "दुसऱ्यावर घे. अगं, दुसऱ्यावर घे. ऐकू येत नाही का, ओरडतंय बिचारं, दुसऱ्यावर घे!" एकदा एका चढावर बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, किल्ली नवऱ्याच्या मांडीवर टाकली आणि तरातरा चालत घर गाठलं. पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावला नाही. नातेवाइकांत हा किस्सा अजून रंगवून सांगतात.

तर त्या दिवशी बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा खाली घेतला, स्टिकर काचेवर लावून अंगठ्याने दाबून बसवलं आणि गाडी चालू केली. फाटकापर्यंत ती दोनदा बंद पडली. तपासनीस त्या वेळी मुद्दाम आभाळाकडे बघत होता. पुढे पायाला ओळख पटली. इतकी वर्षं मशीनच्या पेडलवर चाललेला पाय तो, किती विसरेल? पहिला सिग्नल आला तेव्हा बाई सवयीने मोठ्याने म्हणाल्या, "लाल," आणि त्यांनीच ब्रेक दाबला. शेजारी पंपवाल्यांचा पायही खालच्या चटईवर करकचून दाबला गेला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. हसायला कुणालाच आलं नाही.

रविवार येईपर्यंत बाई रोज सकाळी शाळेमागच्या मैदानात गाडी फिरवून आल्या. पंपवाले बरोबर असायचे, पण तोंडाला कुलूप. गिअर करकरला तरी हूं नाही की चूं नाही, नुसते गुडघ्यावरची बोटं आवळायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवायचं, असं तिथे समजलं. त्यावरही गप्प.

"बोला की काहीतरी," बाई म्हणाल्या. "तुमचा आवाज नाही तर गाडीत बसल्यासारखं वाटत नाही."

"नको बाई. मागे बोललो होतो तर उतरून गेलीस."

रविवारी टेकडीवर सोन्या फाटकात उभाच होता. हॉर्न ऐकून धावत आला आणि नेहमीसारखा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. आल्या आल्या बाबांच्या टकलावर हात फिरवायचा, हा त्याचा रिवाज. हात आत घातला आणि तसाच थांबला. आत आई होती.

सोन्याचा चेहरा पडला. तो दोन पावलं मागे सरला, फाटकाकडे बघितलं.  दाराशी उभी असलेली सांभाळणारी ताई पुढे यायला लागली, तिला बाईंनी हातानेच थांबवलं. सोन्याने गाडीला चक्कर मारली. नंबर बघितला, डिकीवरचा जुना बारीकसा पोचा चाचपला. मग दुसऱ्या खिडकीशी येऊन काचेवर टकटक केलं.

"बाबा इथे," तो म्हणाला.

"हो रे, मी इथे."

"आई तिथे."

"हो."

सोन्याने विचार केला. मग बाबांच्या टकलावरून हात फिरवला, मागचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. "चला," म्हणाला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तळ्यापर्यंत सगळं छान झालं. बिस्किटं खाऊन झाली, पाण्यात खडे टाकून झाले. परतताना मात्र सोन्या चुळबुळ करायला लागला. सिग्नल लागला, बाईंनी गाडी थांबवली, गाडीत शांतता. आता बाईंना स्वतःलाच दिसत होतं, तेव्हा सांगायचं कुणाला?

"लाल!" सोन्या मागून ओरडला. रविवारी आईच्या मागोमाग तो नेहमीच ओरडायचा, पण आज आधी कुणी म्हणालंच नाही. तो रागावला. "कोणी सांगत नाही! बाबा, तुम्ही सांगा. तिथे बसतो तो सांगतो."

पंपवाल्यांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. बाई घाईने म्हणाल्या, "अरे, मी सांगते ना..."

"नाही! बाबा सांगणार!"

"मला दिसत नाही रे सोन्या," पंपवाले म्हणाले.

आजवर हे वाक्य त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरकडेसुद्धा "जरा धूसर आहे" म्हणाले होते. बाईंचे डोळे भरून आले आणि समोरचा दिवा त्यांनाही दिसेना. मागून भोंगे वाजले. त्यांनी डोळे पुसले, गाडी काढली.

सोन्याला यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. कुंडीला पाणी कमी पडलं तर घालावं, इतकी त्याची बुद्धी सरळ. "मग जे येतं ते सांगा," तो म्हणाला.

सिग्नल मागे पडला आणि टेकडीचा चढ लागला. बाईंची नजर वळणावर होती आणि इंजिन हळूहळू जड व्हायला लागलं. आधी घरघर, मग थरथर. पंपवाल्यांनी मान खाली घातली, डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर आवळली, सुटली, पुन्हा आवळली. बाईंना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. त्या वाट बघत होत्या. इतक्या वर्षांत या वाक्याची वाट बघण्याची वेळ येईल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"दुसऱ्यावर घे," पंपवाले अगदी हळू म्हणाले.

बाईंनी क्लच दाबला, गाडी दुसऱ्यावर घेतली. इंजिनाचं कण्हणं थांबलं.

"दुसऱ्यावर!" मागून सोन्या खूश होऊन ओरडला, आणि मागे टेकून बसला.

"आता वळण संपेपर्यंत अशीच राहू दे," पंपवाल्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, आवाज जरा मोकळा करून.

"राहू देते हो," बाई म्हणाल्या. "सांगत राहा."